नाव गुप्त ठेवत आहोत

मुलींच्या वसतिगृहात हयात घालवलेल्या बाईला निवृत्तीनंतर शांतता हवी असते, असा एक समज आहे. मेट्रनबाईंनी शांतता जेमतेम आठवडाभर सोसली. मग कॉलेजच्या मागच्या फाटकासमोरच्या आपल्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली त्यांनी ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संगतीला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या गटाला, देऊन टाकली. दर शनिवारी संध्याकाळी चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा, शेजाऱ्यांच्या खुर्च्या गोळा व्हायच्या, आणि गाणं फार रंगात आलं की स्वयंपाकघरातून बाई ओरडायच्या, "अरे, देव बहिरा नाहीये! जरा हळू!"

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. "शेकड्याने पोरी वाढवल्या आणि एकीच्याही बाळंतकळा सोसल्या नाहीत, फुकटात सुटले," असं त्या स्वतःच सांगत. नोकरीत असताना उशिरा येणाऱ्या मुलीला त्या फाटकातच असं झापत की रखवालदारालाही घाम फुटावा. पण ती कुठून उशिरा आली, हे तिच्या घरी कधी कळलं नाही. किती जणींची रडगाणी बाईंच्या पोटात आहेत, याचा अंदाज कुणालाच नाही.

संगतीचा शेवट ठरलेला असे. गोल बसायचं, प्रत्येकाने प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि डाव्या हाताला बसलेल्याने त्यासाठी प्रार्थना करायची. विषय नेहमीचेच: परीक्षा, आजीचा गुडघा, भावाची नोकरी. कधीतरी एखादा जड विषयही निघे. खोलीतलं खोलीत राहायचं, एवढाच नियम. तो कुणी केलेला नव्हता आणि म्हणून कुणी मोडतही नव्हतं.

मग संगतीच्या मुख्य कार्यालयाने पूर्णवेळ समन्वयक पाठवला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर, आणि हात लांब केला की समोरची भिंत लागेल अशा खोलीतही माईक मागणारा. पोरं त्याला दादा म्हणत. माणूस मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला निदान हाकलून देता येतं.

दादाने आल्याआल्या फोनवर 'प्रार्थना-साखळी' सुरू केली. विषय तिच्यात पडला की या कॉलेजातून त्या कॉलेजात, तिथून चर्चच्या मंडळ्यांमध्ये आणि मंडळ्यांतून घराघरांत. देवापर्यंत तो कधी पोचे, ते सांगता येत नाही. कुणाच्याही आत्याबाईंपर्यंत मात्र चहा उकळायच्या आत पोचे.

संगतीत गिटार वाजवणारी एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षाला, मितभाषी, बाप चर्चमध्ये पाळक. आदल्या वर्षी तिची आई गेली. एका शनिवारी भांडी विसळता विसळता ती बाईंना म्हणाली, "मावशी, आई गेल्यापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. तिकडे कुणी आहे की नाही, तेही कळेनासं झालंय. पण मला गाणी आवडतात. तुम्ही सगळे आवडता. मी आले तर चालेल ना?"

"न यायला काय झालं? तो कप नीट पूस, कड तशीच राहिलीये," बाई म्हणाल्या. विषय संपला.

पण दादाला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची 'आत्मिक विचारपूस' करायची होती. एकेकाला बाजूला घेऊन तो मायेने विचारी. मुलगी खोटं बोलणारी नव्हती. तिने जे होतं ते सांगितलं. त्याच रात्री साखळीत मजकूर आला: 'आपल्या संगतीत गिटार वाजवणाऱ्या एका भगिनीचा विश्वास डळमळला आहे. कळकळीने प्रार्थना करावी. नाव गुप्त ठेवत आहोत.'

गिटार संगतीत एकच होती. पण नाव गुप्त होतं, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या दिवशी बापाचा फोन. तोही मुलीला नव्हे, बाईंना. "माझी मुलगी तुमच्यापाशी असं काही बोलली का?"

"ती काय बोलली, ते तिला विचारा."

"मी तिचा बाप आहे. शिवाय पाळक आहे."

"मग ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं, हे मी तुम्हाला शिकवायचं का?" म्हणून बाईंनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

शनिवारी मुलगी आली नाही. बाई आठवड्यात तिला गाठायला गेल्या होत्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मावशी, सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतायत म्हणे. मेसमध्ये माझ्या टेबलावर मात्र कुणी बसत नाही. ताट घेऊन आले की नजर चुकवतात. मी यापुढे नाही येणार."

गोल भरला. दादाने डोळे मिटून सांगितलं की आपली एक भगिनी आज आपल्यात नाही, आपण तिला प्रार्थनेत धरून ठेवू या. आणि मग बाईंना, "मावशी, तुमचा विषय?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "कडक इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या एका भावाबद्दल आहे. मागे एकदा तो माझ्या स्वयंपाकघरात दार लावून बसला होता. काय बोलला, ते सांगते. नाव गुप्त ठेवते."

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे उघडले. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो त्या दिवशी लाल डोळ्यांनी बाहेर पडला होता, एवढं दोघा-तिघांना आठवत होतं. तो काय बोलला, ते बाईंनी त्या शनिवारीही सांगितलं नाही आणि आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

"अडकला ना श्वास?" त्या म्हणाल्या. "तिचा आठवडाभर अडकलाय."

"मावशी, मी प्रेमापोटी केलं."

"तेच म्हणते मी! दुष्टपणाने केलं असतंस तर चार ठिकाणीच गेलं असतं. प्रेमापोटी केलंस म्हणून गावभर झालं." मग त्या उरलेल्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही काय रे? गुडघे टेकून टेकून गुळगुळीत केलेत. त्या पोरीला एकाने तरी विचारलं का, जेवलीस का म्हणून? उठा. आज प्रार्थना बंद. मेस उघडी आहे."

"आत्ता?" कुणीतरी विचारलं.

"नाही, पुनरुत्थानाच्या दिवशी! उठा म्हटलं ना!"

बाई पुढे आणि सगळी संगती मागे. मेसच्या दारातल्या रखवालदाराने जुन्या सवयीने सलाम ठोकला. मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच होती. ताटं घेऊन येणारी ती पलटण बघून तिचा घास हातातच राहिला. "हे काय? मोर्चा काढलात?"

एकाने खुर्ची ओढली, दुसरीने पाण्याचा जग आणला, तिसऱ्याने डाळीला नावं ठेवली, आणि डाळ खरोखरच वाईट असल्यामुळे सगळ्यांना बोलायला विषय मिळाला. दादा मात्र ताट धरून उभाच राहिला.

"मी चुकलो," तो म्हणाला. माईकशिवाय त्याचा आवाज बराच बारीक होता. "साखळी बंद करतो. बाबांशीही मीच बोलतो."

"बाबांशी माझं मी बोलेन," मुलगी म्हणाली. "माझ्या वतीने आता कुणी कुणाशीही बोलू नका. देवाशीसुद्धा."

"बरं. इथे बसू?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आज नको, दादा. त्या पलीकडच्या टेबलावर बसा."

एकदोघींनी आशेने बाईंकडे बघितलं. क्षमा वगैरे शब्द त्यांच्या ओठांवर आलेच होते. "माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "ऐकलं ना तिने काय सांगितलं ते?"

दादा पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला आणि एकटाच जेवला. पुढच्या शनिवारी मुलगी उशिरा आली आणि दाराजवळ बसली. विषय सांगायची तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझा काही नाही. पुढे चला." तिच्या डाव्या हाताला बसलेल्या मुलाने तोंड उघडलं, बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि त्याने ते मिटलं.