उजवीकडची केशरी टोपी

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळा, नाहीतर हसताना माझ्या शर्टावर उडवाल. समुद्रात माझी जी शोभा झाली ना, ती मुलुंडच्या अख्ख्या तरणतलावाला ठाऊक आहे. मग तुम्हीच का मागे राहायचं?

तलावात माझ्याइतकं जोरात कुणी पोहत नाही. हे सगळे म्हणतात. बरं, जास्त करून मीच म्हणतो. शेजारच्या पट्ट्यात परब. मूळचा मालवणचा, राहतो भांडुपला, डोकं वर काढून निवांत बेडकासारखा पोहतो. त्याची एक फेरी होईपर्यंत माझ्या दोन होतात. तरी मान कुणाला? परबला. का, तर तो समुद्रात पोहतो!

एकदा जेवताना माझी मुलगी सायली म्हणाली, "बाबा, तू फक्त टाकीतच पोहतोस का रे? परबकाका समुद्रात जातात." असा जळलो म्हणून सांगू!

त्यातच आमच्या तलावावरच्या मंडळींनी गोराईला हौशी शर्यत ठरवली. समुद्रात एक पिवळं पिंप तरंगत ठेवायचं, त्याला वळसा घालून परत यायचं. मी सायलीला सांगून टाकलं, चल बघायला, बाबा पहिला येतो.

परब म्हणाला, "आधी एकदा माझ्यासोबत सरावाला ये. समुद्रात भिंत नसता रे, लाथ मारून पुढे जाऊक."

मला वाटलं, घाबरला.

आता एक गंमत ऐका. तलावात मी श्वास फक्त उजवीकडे घेतो, कारण उजवीकडे परब असतो. दर श्वासाला तो किती मागे पडलाय ते दिसतं आणि अंगात बळ येतं. पुढे कशाला बघायचं? तळाशी काळी रेघ आहे, ती नेईल तिकडे जायचं.

शर्यतीत सगळ्यांना केशरी टोप्या दिल्या. शिट्टी झाली आणि मी सुटलो. पहिल्याच लाटेने तोंडात खारं पाणी कोंबलं. खाली बघतो तर रेघ गायब, नुसतं गढूळ पाणी. लाटेमुळे हात कुठे पडतोय तेही कळेना. वाट लागली होती. पण उजवीकडे बघितलं आणि जीव भांड्यात पडला. केशरी टोपी, अगदी जवळ. परबच!

मी जोर लावला. टोपीनेही लावला. ती काहीतरी ओरडत होती. म्हटलं, लबाड माझी लय बिघडवतोय, आणि आणखी जोर लावला. हळूहळू बाकी कुणीच दिसेना. सगळे मागे पडले, दुसरं काय? मनातल्या मनात मी सायलीसोबत बक्षिसाचा फोटोही काढून घेतला.

शेवटी इंजिनाची होडी समोर आडवी आली आणि दोघांनी मला काखेत धरून वर ओढलं. खाली ती टोपी. टोपीखाली परब नव्हता. लांब फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत आलेला जीवरक्षक होता.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "पिंप तिकडे राहिलं. कधीपासून बोंबलतोय मी. जवळ आलो की तुम्ही अजून जोरात पळताय."

किनाऱ्यावर उतरलो, तर परब कधीच पोहोचून सायलीसोबत शहाळं पीत उभा. हसला असता तर परवडलं असतं. त्याने आपला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"स्पीडला तोड नाय रे तुझ्या. फक्त मधे मधे डोकं वर काढून पुढे बघायचं."

आणि सायली त्याला विचारते, "काका, मला शिकवाल?" मी तिथेच उभा होतो हो, टॉवेल गुंडाळून.

आता दर रविवारी ती परबच्या पट्ट्यात शिकते. मी मात्र त्याचा सल्ला इमानदारीत पाळतो. तळाशी रेघ असली तरी मधे मधे डोकं वर काढतो. पुढे बघायला नाही, परबने तिला आज नवीन काय शिकवलं ते बघायला.

परवा तेच बघता बघता भिंतीवर डोकं आपटलं. समुद्रात निदान भिंत तरी नव्हती.