तेल न घातलेली खळ

हैज्याची सुई टोचणारी बाई दारात आली, तेव्हा मी मागाच्या खड्ड्यात, विणताना पाय सोडून बसतो त्यात, लपलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला मोठा भक्त समजायचा.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीचा पावसाळा होता. तुमसरच्या अलीकडे आमचं विणकरांचं गाव. हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ देशोदेशी फिरते आहे असं रेडिओवर सांगत. आम्ही ते बाजारभावासारखं ऐकून सोडून देत असू. मग ती शेजारच्या गावात आली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा आणि माझी कंबर सत्तरीची. सहा वर्षांपासून उजव्या कुल्ह्यातून टाचेपर्यंत एक कळ जायची, कोणी ताण्याचं सूत पायातून ओवून खेचून धरावं तशी. त्या दुखण्यापायी भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत इतक्या सुया घेतल्या होत्या की आणखी एकीची हिंमत उरली नव्हती. बायकोला म्हटलं, आतून कडी लाव आणि आवाज करू नको. तिने कपाळाला हात लावला, पण कडी घातली. सुईवाली बाई दार वाजवून पुढे गेली. मी विजयी वीरासारखा खड्ड्यातून उठायला गेलो आणि कंबरच धरली. शेवटी शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून मला मुळ्यासारखा उपटून काढला. गल्ली आठ दिवस हसली, मीही हसलो. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. दाराला कडी होती, म्हणून सुई बायकोलाही मिळाली नव्हती.

आमची कुळदेवी चौंडेश्वरी माय. तिच्याशी माझं सहा वर्षं भांडण चालू होतं. मी म्हणत होतो, कंबर बरी कर, मग पायी दर्शनाला येतो. ती करीना, मी जाईना. सकाळी मागावर बसताना हात जोडायचो तेही थोडे रागातच. देवाशी असं अडून बसणं हीही श्रद्धाच, असं मी स्वतःला समजावत असे. बायको म्हणायची, तुमचा हट्ट मायपेक्षा मोठा आहे.

सुईवाली येऊन गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी बायकोने नेहमीप्रमाणे सुताला लावायची खळ चुलीवर चढवली. तांदूळ शिजून गंजात रटरटायला लागले आणि ती परसात गेली. परत आली ती भिंत धरत. दोन तासांत तिचे डोळे आत गेले, बोटांची कातडी धुण्याच्या कपड्यासारखी सुरकुतली, आवाज बसला. गावाबाहेरच्या नाल्याला पूर होता; दवाखान्यासाठी बैलबंडी पलीकडे नेणं शक्य नव्हतं. शेजारणीने दारातूनच सांगितलं की हैज्याच्या माणसाला पाण्याचा थेंब देऊ नये, पोटातून सगळं निघून जातं. मी ते मानलं. ती हाताने पाणी मागत होती आणि मी देत नव्हतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक खड्ड्यात लपण्याची नाही, ही आहे.

मुलगी सुमन सासरी, घरात आम्ही दोघंच. मला वाकता येत नव्हतं, तिला उचलता येत नव्हतं. भिंतीवरच्या मायच्या तसबिरीसमोर उभा राहिलो. सहा वर्षांचं भांडण एका क्षणात कुठे गेलं कळलं नाही. म्हटलं, माय, कंबर राहू दे अशीच, जन्मभर राहू दे. हिला ठेव.

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, कोशाच्या रेशमाचा पंचा मिळेल काय म्हणून. पन्नाशीचा, काळासावळा माणूस, हातात मोडकी छत्री. चिखल्याकडून आदल्या दिवशी आलेला, नाल्यामुळे गावात अडकलेला. खाणीजवळच्या एका दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, घरात हैजा आहे, परत जा. तो छत्री टेकवून सरळ आत आला. तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"पाणी काहून बंद केलं? आंगातलं सारं पाणी चाललं, अन् तुमी वरचंबी बंद करून राहिले."

त्याने चुलीकडे पाहिलं. "गंजात काय शिजून राहिलं?"

"सुताची खळ."

"तेल टाकलं काय तिच्यात?"

तेल शेवटी पडतं, आणि ते तीच घालते. आज घालायचं राहिलं होतं. मी नाही म्हटलं.

"मंग ते खळ नाही, पेज होय. उकळलेलं पाणी टाकून पातळ करा, मीठ टाका. आसवाएवढंच खारट. चमच्या-चमच्यानं पाजा. ओकली तं थोडं थांबा, पुन्हा पाजा."

"पन मले वाकता येत नाही."

"वाकाले कोन म्हन्ते? खड्ड्यात उभे राहा."

आमच्या मागाचा खड्डा जरा जास्तच खोल. माझ्या बापाचे पाय लांब होते. पाहुण्याने मागाच्या बाजूला, अगदी खड्ड्याच्या काठाशी गोधड्या घालून तिला निजवलं, आणि मला आत उतरवलं. तिचं तोंड बरोबर माझ्या हाताशी आलं. नऊ दिवसांपूर्वी ज्या जागी मी तोंड लपवून बसलो होतो, त्याच जागी मला ताठ उभं केलं. मग घाणीवर राख-चुना टाकायचा आणि पाणी उकळूनच प्यायचं, हे समजावून तो दुसऱ्या घरांकडे गेला. आणखी तीन घरी हैजा होता.

मी चमचा भरत राहिलो. माग चालवताना हाताला जी लय असते, धोटा गेला, फणी ठोकली, धोटा आला, त्याच लयीत एक चमचा आणि एकदा मायचं नाव. पायातली कळ सळसळत होती. पण सहा वर्षांत प्रथमच मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं करतो. बायको ओकायची, मी थांबायचो, पुन्हा चमचा. गंज अर्धा झाला. दुपार कलली. उन्हाची तिरीप मागावरून सरकत दारापाशी गेली, तेव्हा तिने डोळे उघडले, गंजाकडे पाहिलं आणि पुटपुटली, "खळीत तेल टाकलं काय?"

मी खड्ड्यातच रडलो.

दुसऱ्या दिवशी नाला उतरला, डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं. म्हणाले, काल आत पाणी गेलं म्हणून बाई वाचल्या. आणि हो, मला सुईही टोचली. मी हूं की चूं केलं नाही.

तो पाहुणा मात्र नाला उतरताच निघून गेला होता. पंचा राहिलाच. पुढे मी तो विणला आणि एका ट्रकवाल्याबरोबर चिखल्याला पाठवला. पंधरा दिवसांनी पंचा तसाच परत आला. असा ड्रेसर तिथे कोणाच्या माहितीत नव्हता. दवाखाने दोन-चार असतील, माणसं बदलून जातात, मी नावही विचारलं नव्हतं. तो कोण होता यावर मी कोणाशी वाद घालत नाही. तेल राहिलं, नाला चढला, पंचा हवा होता. हे सगळं एकाच सकाळी कोणी विणलं, ते विणणाऱ्याला ठाऊक. मी साधा कोष्टी. उभं सूत आधी लावलेलं असतं, आपण फक्त आडवं टाकत जायचं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

नवरात्रात तोच पंचा घेऊन मी मायच्या दर्शनाला पायी निघालो, न बऱ्या झालेल्या कंबरेनिशी. तीन कोसांना सकाळ ते संध्याकाळ लागली. दर झाडाखाली बसलो, दर झाडाखालून उठलो. बायको शिदोरी घेऊन बरोबर होती, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे. पंचा मायच्या पायाशी ठेवला. पायरीवर टेकताना पायात अशी कळ गेली की दात आवळले. पण मन हलकं होतं. तिथे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवशी तसबिरीसमोर काय बोललो होतो ते. कंबर राहू दे अशीच जन्मभर, पण हिला ठेव.

तिने प्रसादाचं खोबरं तोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. डोळे पुसले, मग म्हणाली,

"मायले मांगाच्या आंधी मले इचाराचं होतं. मी असती तं दोनी मांगितलं असतं."