काकींच्या हाताचं यश

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. मघापासून उठतेय, बसतेय, खिडकी उघडतेय, लावतेय. सांगायचंय, आणि सुरुवात सापडत नाही.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी पीएचडी टोमॅटोच्या करप्यावर. करपा म्हणजे बुरशीचा रोग—आधी पानावर तपकिरी डाग, मग पान वाळतं, मग झाड. माझं औषध कडुनिंबाच्या पाल्याचं. पाला उकळून त्या पाण्यात चांदीचा क्षार घातला, की डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार होतात. नॅनोकण. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्यांनी बुरशी मारली होती, हे खोटं नाही. पण बशी म्हणजे शेत का?

शेत दिलं ठाण्यातल्याच कोलशेतच्या काकींनी. टॉवरांच्या मधे उरलेली त्यांची वाडी. बिल्डर रोज दारात, पण बाई भाजी लावायची सोडत नव्हती. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळा गाव म्हणायचा. कुणाचीही लावणी असो, पहिलं रोप काकींनी लावायचं. मला त्यांनी टोमॅटोच्या दोन ओळी दिल्या. एकीवर माझं औषध, दुसरीवर तुलनेसाठी नुसतं पाणी.

डाग दोन्ही ओळींवर आले. सारखेच. आणि माझे पीएचडीचे गाईड बघायला येणार होते.

काय करायला हवं ते मला कळत नव्हतं, असं समजू नका. चांगलं कळत होतं. तरी डोंबिवलीला घराजवळच्या दुकानातून नेहमीचं बुरशीनाशक आणलं आणि माझ्या पंपात मिसळलं. गाईड येईपर्यंत मिसळत राहिले. माझी ओळ हिरवीगार झाली. गाईड खूश. पदवी मिळाली.

एवढंच असतं तर—नाही, एवढंच नव्हतं. पुढच्या वर्षी काकींनी सगळ्या वाडीसाठी औषध मागितलं. काय सांगून नाही म्हणणार होते? कॅन भरून दिलं, नुसतं कडुनिंब आणि चांदी. वाडी करपली. त्यांनी मला बोलावून वाळलेली झाडं दाखवली आणि माझ्या तोंडून निघालं, "काकी, पाण्याचं प्रमाण चुकलं असेल तुमचं."

"आसंल गो," त्या म्हणाल्या. "माजाच हात चुकला आसंल."

भांडल्या असत्या तर मी खरं बोलले असते का? कुणास ठाऊक. मला नाही वाटत. कारण पुढच्या हंगामात त्यांनी मला समोर उभं करून, माझ्या डोळ्यांदेखत माप घेतलं. बरोबर हाय ना, म्हणून विचारलं. मी मान डोलावली. वाडी पुन्हा गेली.

तरी मी त्यांच्याकडे जाते. का जाते, माहीत नाही, राहवत नाही. गेल्या थंडीत अंगणात चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या वाडीचा माणूस लावणीसाठी बोलवायला आला. काकी जागच्या हलल्या नाहीत.

"दुसऱ्या कोनाला तरी ने," त्या म्हणाल्या. "माज्या हाताला आता यश नाय. हिला ईचार. येवरा चांगला औषद दिलेला हिनं, त्याची पन माती केली मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून चहा संपवला.