कानमास्तर आणि उतरणारी चेन

सायकलदुरुस्तीवाल्याला सगळी गल्ली कानमास्तर म्हणायची. सायकल उलटी करायची, पायडल गरगर फिरवायचं, डोळे मिटून कान टवकारायचे आणि दुखणं सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची पद्धत. दुसरा कोणी पाना शोधेपर्यंत ह्याचं निदान तयार! त्याचा त्याला भारी तोरा. गेल्या दोन वर्षांत ऐकू येणं कमी कमी होत गेलं, पण तोरा काही कमी झाला नाही. कबूल करायचं कोणाजवळ? डोळे मिटणं तेवढं चालू राहिलं, बाकी सगळं अंदाजपंचे.

त्याची धाकटी बहीण कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती. फाटक आठाला बंद व्हायचं. महिन्यात तीनदा उशीर झाला की नाव कमी. तिला दोनदा झाला होता, दोन्ही वेळा चेनपायी.

"दादा, चढावर जोर दिला की उतरतेच बघ. काळ्या हातांनी पांढरं कापड कसं शिवू रे?"

पहिल्यांदा त्याने मागचं चाक ओढून चेन ताणली. उतरली. मग एक कडी काढली. तरी उतरली. तिसऱ्यांदा कोरी चेन चढवली, पायडल फिरवलं, डोळे मिटले.

"झकास! आवाज नाही की काही नाही."

बहीण बघतच राहिली. तिला दारापर्यंत कटकट ऐकू येत होती. पण ज्याच्या कानावर सगळ्या गल्लीचा भरवसा, त्याला आपण काय सांगायचं? ती मूग गिळून बसली. दोघांच्या ह्या शहाणपणानेच घात केला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती सायकल ढकलत दुकानात आली. "नाव कमी केलं," म्हणाली. त्याला ते चेहऱ्यावरूनच कळलं.

त्याने पायडल हातात धरून आडवं हलवलं. हाताला खुळखुळ जाणवली. दोन्ही पायडलांना जोडणारा मधला आस काढून पाहतो तर आतले छर्रे झिजलेले, दोन तर फुटलेले. असा आवाज रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू यावा! आणि त्याने चेन जितकी ताणली होती, तितका तो आस जास्तच कलत गेला होता आणि चेन उतरत राहिली होती. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. अर्ध्या तासाचं काम होतं. नवे छर्रे घातले, ग्रीस भरलं, आस बसवला. मान वर करायची काही त्याची हिंमत होईना.

"दादा," बहीण हळू आवाजात म्हणाली, "तुला ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं ना?"

शेवटी मान वर केली तेव्हा त्याला नुसते ओठ हललेले दिसले. सायकल नीट झाली का, असं विचारत असेल, असं त्याने धरलं.

"हो तर," तो म्हणाला. "आता अजिबात काळजी करू नकोस."

तिने सायकल घेतली आणि तिच्यावर न बसता ढकलत घरी नेली.