दोन नणंदा

अशी उंबऱ्यात काय टेकलीस सोनल, परक्यासारखी? ठेव तो मोबाइल, जवळ ये. पुण्याला शिकायला चाललीस आणि माझ्या भावजयीकडे, रेखाकडे, उतरणार म्हणतेस. मग आधी ती कशी आहे ते ऐक.

इथं आमच्यात राहायची तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी आली की ती आधी स्वतःचे हात हुंगायची. दिवसभर जस्ताचं मीठ पाण्यात विरघळव, बंद भांड्यात तापव, धुऊन भट्टीत भाज. एवढं करून हाती काय, तर चिमूटभर पांढरी पूड. मला ती रांगोळीच वाटायची. "रांगोळी न्हाय ताई," माझीच बोली मला ऐकवत ती हसायची, "सूक्ष्मदर्शकातून बघा, शेवंती हाय. पाकळ्या जितक्या बारीक, तितका वास जास्त धरते."

त्या पुडीचा थर दिलेली एक डबी तिने स्वयंपाकघरात लावली. सिलिंडर गळला किंवा मागच्या कापड रंगवायच्या डाईंगमधून अमोनिया आला, की शेजारच्या लूमच्या खडखडाटातही ऐकू येईल अशी ती ओरडणार. आता हे काम आजवर कुणाचं? माझ्या नाकाचं! सिलिंडर बदलला की बायका मलाच हाक मारायच्या, "मावशी, जरा हुंगून जा ना."

डबीचं नाव तिने ठेवलं 'नणंद'. का गं, म्हटलं. तर म्हणे, "आधी तापते ताई, मग हुंगते. तापल्याशिवाय तिला वासच येत नाही." माझा भाऊ ताटावरून उठून हसला. मी अबोला धरला.

एका दुपारी डाईंगचा वास आला. मी तोंड उघडणार, तोच डबी किंचाळली. शेजारची शबाना म्हणाली, "मौसी, अब तुम्हारी नाक रिटायर!" मग काय, सगळ्यांना तसलीच डबी हवी झाली. मला हाक येईना. असा जळफळाट झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम डबीखाली हिंगाची फोडणी दिली. लागली बोंबलायला. "बघ तुझी नणंद! हिला गॅस आणि फोडणीतला फरक कळत न्हाय." रेखा रागावली नाही. स्टूल ओढून बसली. "हेच तर अडलंय ताई. तिला काहीतरी आलंय एवढंच कळतं. काय आलंय, ते तुम्हाला." तेव्हापासून नवी पूड लावली की ती मला बोलवायची. मी फोडणी द्यायची, डबी ओरडायची, आम्ही दोघी हसायचो.

तिला पुण्याची नोकरी लागली तेव्हा सामान मीच बांधलं. शिलाई मशीन ठेवून गेली, पाटा ठेवून गेली. डबी मात्र साडीत गुंडाळून टेम्पोत मांडीवर घेऊन बसली. एक नणंद नेली, एक ठेवली. अजून जळते मी त्या डबीवर.

सांग तिला, भिंतीवर नुसता खिळा राहिलाय. त्याच्याखाली फोडणी देते, कुणी ओरडत न्हाय. सुट्टी काढ म्हणावं, भिवंडीला ये लवकर. आणि डबी तिकडंच ठेवून ये.