सापांचं पुस्तक आणि सहावी ‘ब’ची पेटी

तुमच्या घरात आत्ता, या क्षणी, शाळेचा गोल शिक्का मारलेलं एखादं पुस्तक पडून आहे का? बसल्या जागी मान हलवू नका. उठून बघा.

आमच्या घरात नव्हतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

माझी भाची मुक्ता सहावी ‘ब’मध्ये आहे. तिच्या शाळेत मुलं ग्रंथालयात जात नाहीत. ग्रंथालयच पत्र्याच्या पेटीत बसून वर्गात येतं. पेटीतलं एक पुस्तक आठवडाभर घरी न्यायचं, परत आणायचं, मग दुसरं न्यायचं. सगळ्यांचं वाचून झालं की पेटी जमा होते आणि वर्गाला नवी पेटी मिळते. अट एकच. जुनी पेटी पूर्ण भरली पाहिजे. एक पुस्तक जरी कमी असलं तरी अख्खा वर्ग जुन्याच पेटीवर.

आणि या वेळची नवी पेटी साधीसुधी नव्हती. तिच्यात भुतं आणि हेर होते. ती तेव्हा सातवीच्या वर्गात होती आणि शनिवारी जमा व्हायची होती. सहावी ‘ब’ दिवाळीपासून तिच्याकडं डोळे लावून बसली होती. शनिवारपर्यंत ‘ब’ची जुनी पेटी भरली नाही, तर भुतं आणि हेर सहावी ‘अ’कडं जाणार होते.

पेटीत एकच पुस्तक कमी होतं. ते मुक्ताच्या नावावर होतं.

बुधवारी मुक्ता शाळेतून आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

“आत्या, माझं सापांचं पुस्तक कुठंय?”

“दप्तरात बघ.”

“बघितलं.”

“मग कपाटात बघ.”

“कपाटात आबांची पत्रकं आहेत. कपाटात नेहमी आबांची पत्रकंच असतात.” ती खाली बसली. “आज डब्याच्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसलं नाही. वैष्णवीसुद्धा नाही.”

वैष्णवी ही तिची सख्खी मैत्रीण. म्हणजे परवापर्यंतची.

इथं आमच्या घराबद्दल सांगणं भाग आहे. आबा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते, आणि कारखान्याच्या आत जितका वेळ असत त्याहून जास्त वेळ फाटकाबाहेर पत्रकं वाटत असत. मी अक्षरं शिकले ती त्याच पत्रकांवर. (‘क’ कमळाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो कामगाराचा होता.) आबांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असायची: वाचा आणि दुसऱ्याला द्या. या ओळीनं आमच्या घराला असं वळण लावलं की छापलेला कागद म्हणजे पुढं सरकवायची वस्तू, हे आम्ही धरूनच चालतो. आमच्याकडून कुठलाही पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. इतर घरांत नारळ देतात, आमच्याकडं पत्रक. परत करणं ही क्रिया मात्र या घरात कुणाला कुणी शिकवलेली नाही.

“आबा,” मी विचारलं, “मुक्ताचं पुस्तक कुणाला दिलंत?”

आबांनी पेपर खाली घेतला नाही. “कुठलं?”

“सापांचं.”

“हां, ते. तुझा सिल्लोडचा मामा आला होता ना. पत्रकं संपली होती. माणसाला मोकळं कसं लावून द्यायचं?”

“ते शाळेचं होतं.”

“म्हणजे समाजाचंच की.”

वहिनीनं, म्हणजे मुक्ताच्या आईनं, स्वयंपाकघरातून विचारलं, “आबा, शिक्का दिसला नाही का तुम्हाला?”

“दिसला. शिक्का बघूनच दिलं. म्हटलं, चांगलं पुस्तक असणार.”

वहिनी काहीतरी बोलली, पण तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. विमानतळ जवळ असल्यामुळं आमच्या घरातला प्रत्येक वाद मध्येच थांबतो आणि विमान गेलं की जिथं थांबला तिथूनच सुरू होतो. त्या दिवशी विमान गेलं तेव्हा मला माझा मुद्दा सापडला होता.

“चूक आबांची नाही,” मी म्हणाले. “चूक नियमाची आहे.”

“अगं, मामाला फोन कर,” वहिनी म्हणाली.

“करीन. पण एकाच्या उशिरासाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा? ही कुठली पद्धत? आज हे खपवून घेतलं तर उद्या हीच मुलं काहीही खपवून घेतील.”

“आधी फोन कर,” वहिनी पुन्हा म्हणाली.

शहाणी बाई आहे. आमच्या घरात तिचं कुणी ऐकत नाही.

फोन करायच्या आधी मी पत्रक लिहिलं. चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. ‘पुस्तकं कपाटाची की वाचणाऱ्याची?’ असं शीर्षक होतं. त्याखाली मुदतीचा निषेध, सामूहिक शिक्षेचा निषेध, कुलपांचा निषेध, आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘ज्याला पुस्तकाची गरज आहे, त्याच्याकडून ते परत मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.’ आबांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता तू तयार झालीस.” त्यांनी लगेच त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

रात्रीच छापून घेतलेलं पत्रक मी गुरुवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहून वाटलं. सातवीची मुलं तर रांग लावून घेत होती. इतका प्रतिसाद आबांना उभ्या आयुष्यात मिळाला नसेल. मुक्ता माझ्यापासून लांब, रस्त्याच्या पलीकडून, अनोळखी मुलीसारखी शाळेत गेली.

मग मी ग्रंथपालांकडं गेले. कादरी सर खुर्चीत बसून एका फाटक्या पुस्तकाला चिकटपट्टी लावत होते. माझं पत्रक त्यांच्या टेबलावर आधीच पोचलं होतं.

“आओ, बैठो मॅडम. तुम्हीच का आत्या?”

“सर, मला एवढंच विचारायचंय, की एका मुलीच्या उशिराची शिक्षा सगळ्या वर्गाला देणारा हा नियम कुणी केला?”

“मुलांनी.”

“म्हणजे?”

“मी नाय केला. शाळेनं पण नाय केला. पेट्या अर्ध्या रिकाम्या परत यायच्या, मी वैतागलो, म्हटलं, तुम्हीच ठरवा बाबा काय करायचं. सहावी ‘ब’नं सभा घेतली. हात वर करून मंजूर केला नियम. मग बाकीच्या वर्गांनीपण तोच उचलला.”

“लहान मुलांना असं सुचतं?” मी जरा कुत्सितपणे विचारलं. “कुणी मांडला हा ठराव?”

कादरी सरांनी चिकटपट्टी दातानं तोडली. “मुक्तानं. काय बोलली पोरगी. ‘पुस्तक सगळ्यांचं, तर जबाबदारीपण सगळ्यांची.’ मी विचारलं, बेटा, हे कुठं शिकलीस? तर म्हणाली, आत्यानं शिकवलं.”

खोलीत पंखा होता. त्याच्या आवाजाचा मला आधार वाटला.

“तेच पुस्तक हवं का?” मी विचारलं. “मी नवं आणून देते.”

“ते आता छापत नाहीत मॅडम. मिळालं तर मलापण एक आणा.” मग ते थोडे पुढं वाकले. “पुस्तक आणा फक्त. पोरगी दोन्ही सुट्ट्यांत इथं येऊन बसते. वाचत नाही, नुसती बसते.”

मी बाहेर आले आणि मामाला फोन केला. मामानं सांगितलं, पुस्तक मामीकडं आहे, आणि तिच्याकडून ते सोडवायचं असेल तर तूच ये, मी काही बोलणार नाही.

शुक्रवारी मुक्तानं शाळेत जायला नकार दिला. मग आम्ही दोघी सिडको बसस्थानकावरून सिल्लोडच्या बसमध्ये बसलो. वाटेत मी तिला समजावलं, की मामीशी मी बोलेन, तू मध्ये बोलू नकोस, लोकांना आपली बाजू पटवून देण्याची एक पद्धत असते. मुक्ता खिडकीबाहेर बघत होती.

मामाचं घर सिल्लोडच्या बाहेर, मक्याच्या शेतात आहे. पुस्तक शोधावं लागलं नाही. ओसरीवर एका खिळ्याला सुतळीनं टांगलेलं होतं, एखाद्या देवाच्या कॅलेंडरसारखं. आणि त्याच्यासमोर शेजारची एक बाई उभी राहून मामीला सांगत होती, “काळाच व्हता बघा, आन् पट्टे बी व्हते.”

“पट्टे शेपटीकडं दाट का तोंडाकडं?” मामी विचारत होती. अगदी डॉक्टरासारखी.

शेजारीण गेल्यावर मी मुद्द्याला हात घातला. शाळा, पेटी, वर्ग, शनिवार. मामीनं सगळं ऐकून घेतलं.

“नाय देणार,” ती म्हणाली.

“अगं मामी, पण ते शाळेचं आहे.”

“शाळंच्या कपाटात साप निघत्यात का?”

“नाही.”

“हितं रोज निघत्यात. मकात उंदरं, उंदरामागं साप. आधी दिसल तो साप मारायचे ही माणसं. आता मी पुस्तक बघून सांगते, ह्याला सोडा, ह्याच्यापासून लांब व्हा. समद्या वस्तीला आधार झालाय.”

“मी फोटो काढून देते पानांचे. मोबाईलवर बघता येतील.”

“मोबाईल मामाच्या खिशात असतो. साप माझ्या चुलीपाशी असतो.”

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. सार्वजनिक मालमत्ता, वाटून घेणं, मुलांचा हक्क. बराच वेळ बोलले. मामीनं मध्ये उठून चहा टाकला, तरी मी बोलत होते. शेवटी तिनं कप माझ्या हातात दिला.

“हे बघ बाई, तूच लिहिलंस ना? मामानं वाचून दाखवलं मला मोबाईलवर. ज्याला गरज हाय, त्याच्याकडून परत मागायचा अधिकार कुणालाच नाय. लई पटलं मला. दोनदा वाचायला लावलं.”

पत्रकं लिहिणाऱ्यानं आयुष्यात कशाची वाट बघायची असते? आपलं लिहिणं कुणाला तरी पटावं याची. माझं पटलं होतं. मी चहा प्यायले. गोड होता.

तेवढ्यात मुक्ता, जिला मी बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, ती म्हणाली, “आजी, माझ्याशी वर्गात कुणी बोलत नाही.”

“का गं?”

“पुस्तक नेलं नाही म्हणून.”

मामी उठली, खिळ्यावरून सुतळी काढली आणि पुस्तक मुक्ताच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडं वळली. “मग आसं सांगायचं ना आधी. तास झाला भाषण ऐकतीया तुझं.”

तिची एकच अट होती. जायच्या आधी विषारी साप तेवढे ओसरीच्या भिंतीवर काढून द्यायचे. बिनविषारी तिच्या ध्यानात राहिले होते. मुक्तानं कोळशानं नाग काढला, मग मण्यार, मग फुरसं. झकास काढले. मला घोणस दिली होती. मी बराच वेळ राबले.

मामी मागं येऊन उभी राहिली. “ह्ये काय काढलं?”

“घोणस.”

“हसतीया का ती?”

मुक्तानं माझी घोणस पुसली आणि नवी काढली. आठवड्यात पहिल्यांदा ती हसत होती, म्हणून मी काही बोलले नाही.

शनिवारी सकाळी सहावी ‘ब’ची पेटी भरली. मी स्वतः दाराशी उभी होते. (आत जाऊ नकोस, असं मुक्तानं सांगितलं होतं.) कादरी सरांनी पुस्तकाला अडकलेली सुतळी सोडवली, शिक्का बघितला आणि पुस्तक पेटीत ठेवलं. वैष्णवी सरकली आणि मुक्ताला बाकावर जागा झाली. एवढ्यासाठी मी सिल्लोडच काय, पायी कन्नडलासुद्धा गेले असते.

मग सातवीकडून जमा झालेली भुतांची आणि हेरांची पेटी आली. ती दोन मुलं उचलून आणतात. त्या दिवशी एकट्या कादरी सरांनी एका हातानं आणली. तेव्हाच मला काहीतरी खटकलं.

सगळा वर्ग पुढं झुकला. सरांनी झाकण उघडलं. तळाशी व्याकरणाचं एक पुस्तक होतं आणि एक उदबत्तीचा रिकामा डबा.

“सर, भुतं कुठंयत?” कुणीतरी विचारलं.

“सातवीकडंच,” कादरी सर म्हणाले. “मी गेलो मागायला. पोरं म्हणतात, आम्हाला अजून गरज आहे, परत मागायचा अधिकार कुणालाच नाही. त्यांच्याकडं कागद आहे तसा. छापील.”

अख्खी सहावी ‘ब’ वळून दाराकडं बघू लागली. वैष्णवी बाकावर सरकत सरकत पुन्हा टोकाला गेली.

मुक्ता बाहेर आली. मला वाटलं रडेल. ती शांतपणे म्हणाली, “आत्या, तुझं पत्रक यशस्वी झालं.”

आबांचा एकही संप यशस्वी झाला नाही. माझा पहिल्याच फटक्यात झाला, आणि त्यात माझ्या भाचीचा वर्ग चिरडला गेला.

म्हणून हे लिहिते आहे. या शहरात सातवीत शिकणारं एखादं मूल तुमच्या घरी असेल, तर आज त्याच्या उशाखाली, दप्तरात, टीव्हीच्या मागं बघा. भुतांचं किंवा हेरांचं, गोल शिक्क्याचं पुस्तक सापडलं, तर सोमवारी ते शाळेत कादरी सरांच्या हातात द्या. मुलानं छापील कागद दाखवून वाद घातला, तर ऐकून घेऊ नका. तो कागद लिहिणारीला मी चांगली ओळखते, तिला काही कळत नाही. आणि शाळा लांब पडते म्हणून पुस्तक आमच्या घरी आणून देणार असाल, तर एवढंच करा, की वहिनी घरी आहे का हे आधी विचारा. दार आबांनी किंवा मी उघडलं, तर पत्ता चुकला म्हणा आणि पुस्तक घेऊन परत जा.