जुडी धुतलेलं पाणी

मी लॅबमध्ये काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं देव जाणे. अहो, मी दिवसभर भाजी धुते! तळेगावच्या बाजूला आमची लहानशी लॅब आहे. हॉटेलांची, मेसची, बाजारातली पालेभाजी तिथं तपासायला येते. मेथी असो की कोथिंबीर, मिठाच्या पाण्यात घालायची, चांगली खळखळून हलवायची आणि मग घरी करतो त्याच्या बरोबर उलटं करायचं. भाजी टाकून द्यायची, पाणी ठेवायचं. ते निवळलं की तळाचा गाळ यंत्रात फिरवायचा आणि त्यातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. जंतांची अंडी असली तर तिथं सापडतात. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, भाजी आपली टवटवीतच दिसते.

माझी आई तिकोणा पेठेच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, पालेभाजी लावते. आम्हां दोघी बहिणींना तिनं त्याच वाफ्यांवर वाढवलं. वाफ्यांना पाणी विहिरीचं. पण भाजी उपटून जुड्या बांधल्या की जीपमध्ये टाकायच्या आधी एकेक जुडी ओढ्याच्या डोहात बुडवायची आणि मुळांची माती पार काढायची, ही तिची पद्धत. लोणावळ्याच्या बाजारात तिची भाजी सगळ्यांत आधी संपायची ती या धुण्यामुळंच. "माज्या जुडीला मातीचा कन दाव," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. आणि वाफ्यातली पहिली जुडी विकायची नाही, ती लेकींची, असा तिचा नेम होता. कोवळी मेथी, तीही कच्ची, पिठलं-भाकरीबरोबर. ते जेवण झालं की आई दिवसभर खूश असायची.

धाकटीला फिट यायला लागल्या तेव्हा ती उर्से गावाजवळच्या एका कंपनीत नुकती लागली होती. डोक्याचा फोटो काढला. त्यात मेंदूत जंताच्या गाठी दिसल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात डुकराचं मांस खाता का? आई उसळलीच. "आमच्या चुलीवर अंडंबी शिजत न्हाई, डाक्टर!" डॉक्टर बिचारे शांतपणे म्हणाले, "मावशी, त्याला मांस खावं लागत नाही. जंताची अंडी माणसाच्या मैल्यातून पाण्यात जातात, पाण्यातून कच्च्या भाजीवर. पोटात गेली की कुणाकुणाच्या मेंदूत जाऊन बसतात." आईनं ऐकला तो फक्त पहिला प्रश्न. घर येईपर्यंत ती त्या डॉक्टरांचा उद्धार करत होती.

औषधं चालू झाली. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत एका सकाळी धाकटीला न्हाणीघरात फिट आली. दार तोडलं तोवर सगळं संपलं होतं. माझ्याहून लहान होती हो ती! अजूनही कुणी विचारलं, बहिणी किती, तर माझ्या तोंडून दोघी असंच निघतं.

आईनं नेम काही मोडला नाही. पुढच्या मेथीची पहिली जुडी तिनं माझ्याकडं घोरावाडीला पाठवली, सोबत धाकटीचीही. मला त्यातलं पान तोंडात घालवेना. दोन्ही जुड्या मी लॅबमध्ये नेल्या. सुट्टीला पेठेत जाऊन त्याच वाफ्यातली, न धुतलेली मेथीही स्वतःच्या हातानं उपटून आणली. वाफ्यातल्या मेथीत माती निघाली, बारीक वाळू निघाली, अंडं एकही नाही. धुतलेल्या जुड्यांत मात्र होती. गोल, तपकिरी, जाड कवचाची. मी खुर्ची मागं सारून बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले.

ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी तंबू उभे राहिलेत, बंगले झालेत. त्यांच्या संडासांचं पाणी कुठं जातं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बोलत कुणीच नाही. माझ्या आईनं जुड्या आळसानं तशाच मातीच्या ठेवल्या असत्या तर! तिच्या टापटिपीनंच घात केला. संताप संताप झाला माझा, पण काढायचा कुणावर?

गप्प बसावं असं फार वाटलं. गेलेली काही परत येणार नव्हती. पण जुड्या बाजारात जातच होत्या, कुणाकुणाच्या लेकरांच्या ताटात. शेवटी फोन केला, म्हटलं, आई, भाजी ओढ्यात बुडवू नकोस, त्या पाण्यात घाण आहे.

"मंग काय चिखल इकू व्हय?" ती कडाडली. "लय शानी झालीस लॅबमधी जाऊन! मला घान म्हंतीस?" आणि फोन ठेवून दिला.

मग साहेबांना विचारून मी तिला लॅबमध्येच आणलं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. स्टुलावर बसून डोळा लावला. आधी काही दिसेना, मग एकदम थबकली.

"ह्ये? ह्ये एवढंसं?"

"हो."

"कुनाची भाजी?"

"तुझी. धुतलेली."

तशीच वाकून तिनं विचारलं, "आपल्या बायच्या डोक्यात ह्येच गेलतं?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं, आणि ते खरंही होतं. म्हटलं, नुसत्या अंड्यावरून जंत नेमका कोणता ते कळत नाही. ही जुडी आत्ताची आहे, धाकटीच्या पोटात कधी आणि कशातून गेलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. बाहेरही खायचीच की ती.

"म्हंजी वाफ्यात न्हवतं," ती म्हणाली. "मी धुतल्यावर आलं."

"पाण्यातून आलं, आई. तुझ्या हातातून नाही."

"ती खात न्हवती गं," आई म्हणाली. "कडू लागती म्हनून ताटाच्या कडंला सारायची. मीच डोळं वटारायची. म्हनायची, खा गपगुमान, चांगली धुतल्याली हाय."